निवृत्तीनंतरचा परदेश : कोस्टा रिकातील दैनंदिन जीवन



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला भरते, त्यांच्या वर्गात मी तीन वर्षे बसलो आहे. ह्या व्यासपीठावरून संतवाङ्मय, इतिहास, विज्ञान अशा भारदस्त विषयांवर विद्वानांची व्याख्याने झाली. माझा विषय त्या मानाने घरगुती आहे. मी व्यवसायाने अभियंता. वडोदऱ्याहून अमेरिकेत गेलो, तेथे तीस वर्षांहून अधिक काळ नोकरी केली, आणि २०१३ साली, वयाच्या पासष्टाव्या वर्षी, पत्नीसह मध्य अमेरिकेतील कोस्टा रिका ह्या लहानशा देशात राहावयास गेलो. 'तेथे रोजचे जगणे कसे असते ते सांगा,' अशी चालकांची सूचना होती. आज आपल्यापैकी अनेकांची मुले परदेशात आहेत आणि निवृत्तीनंतर कोठे राहावे हा प्रश्न घरोघरी निघतो. म्हणून केवळ हवापाणी आणि स्वस्ताई ह्यांचे वर्णन करून मी थांबणार नाही. परक्या देशात म्हातारपणी राहावयाचे ते कोणत्या नात्याने, हा प्रश्न त्या वर्णनाच्या आधारे आपणांपुढे ठेवणार आहे.

देशाची घडण

कोस्टा रिका हा निकाराग्वा आणि पनामा ह्यांच्यामधला देश. एका बाजूस पॅसिफिक महासागर, दुसऱ्या बाजूस कॅरिबियन समुद्र. क्षेत्रफळ सुमारे ५१,००० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या पंजाबाहून किंचित मोठा. लोकसंख्या सुमारे ५० लाख. राजधानी सान होसे ही आपल्या कोचीच्या अक्षांशावर आहे. परंतु ती समुद्रसपाटीपासून सुमारे ११५० मीटर उंचीवरील खोऱ्यात वसल्यामुळे तेथे ना पंखा लागतो, ना शेगडी. ह्याच मध्य खोऱ्यात आलाहुएला प्रांतातील ग्रेसिया नावाच्या गावी आम्ही राहतो. सभोवार कॉफीचे मळे व ऊस. गावाच्या मधोमध बेल्जियममध्ये घडवून जहाजाने आणलेले, पत्र्याचे लालभडक चर्च.

ह्या देशाला सैन्य नाही. १९४८ सालच्या वसंतात तेथे सुमारे सहा आठवड्यांचे यादवी युद्ध झाले. त्यात जिंकलेल्या होसे फिगेरेस ह्यांनी १ डिसेंबर १९४८ रोजी स्वतःचे सैन्यच बरखास्त केले आणि १९४९ च्या संविधानाने त्या निर्णयावर शिक्कामोर्तब केले. राजधानीतील लष्करी छावणीत आज राष्ट्रीय वस्तुसंग्रहालय आहे. त्याआधी, १९४१ साली, राष्ट्राध्यक्ष काल्देरोन ग्वार्दिया ह्यांच्या कारकीर्दीत सामाजिक विम्याची 'काहा' ही संस्था स्थापन झाली होती. फिगेरेस हे काल्देरोन ह्यांचे कट्टर विरोधक. तरीही सत्ता हाती आल्यावर त्यांनी ती संस्था मोडली नाही. १८६९ च्या संविधानातच प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे ठरविले गेले होते. सयाजीराव महाराजांनी १८९३ साली अमरेली भागात आणि १९०६ साली संपूर्ण बडोदे संस्थानात सक्तीचे शिक्षण सुरू केले, हे लहानपणी पाठ केलेल्या आपणांस ह्या वर्षांचे मोल वेगळे सांगावयास नको. परदेशी निवृत्त माणूस येथील शांततेची आणि दवाखान्यांची वाखाणणी करतो, तेव्हा तो ह्या जुन्या निर्णयांची फळे चाखत असतो. ती झाडे त्याने लावलेली नाहीत, एवढे भान त्याने राखले तरी पुष्कळ झाले.

प्रवेशाचे नियम

निवृत्तिवेतनावर राहू इच्छिणाऱ्या परकीयास ह्या देशात 'पेन्सियोनादो' म्हणतात. २०१० साली अमलात आलेल्या कायद्यानुसार त्याला दरमहा किमान १००० डॉलरचे आजन्म निवृत्तिवेतन असल्याचा दाखला द्यावा लागतो. पती वा पत्नी त्याच वेतनावर त्याच्यासह राहू शकते. त्याला नोकरी करता येत नाही. स्वतःचा व्यवसाय काढून इतरांना नोकरी देता येते. प्रथम तात्पुरता रहिवास मिळतो, आणि तीन वर्षांनंतर कायम रहिवासासाठी अर्ज करता येतो. 'काहा'चे सभासदत्व मात्र सक्तीचे आहे. आपल्या सांगितलेल्या उत्पन्नाच्या प्रमाणात दरमहा वर्गणी भरावी लागते.

कागदपत्रांचा भाग कंटाळवाणा खरा, पण उपयोगाचा म्हणून सांगतो. जन्माचा, विवाहाचा आणि पोलिसांचा, असे तिन्ही दाखले मूळ देशात साक्षांकित करवून मग त्यांचे स्पॅनिशमध्ये अधिकृत भाषांतर करावे लागते. १९४०-५० च्या सुमारास जन्मलेल्या आपल्या लोकांच्या नोंदींत पुष्कळदा वडिलांचे नाव असते, परंतु मुलाच्या नावाची जागा कोरी असते. ज्याला असे काही करावयाचे असेल, त्याने ती जागा प्रवासाआधी, इकडे असतानाच भरून घ्यावी.

पत्ता, पाऊस आणि बाजार

नव्या माणसास प्रथम गोंधळात पाडते ती पत्ता सांगण्याची रीत. राजधानीत रस्त्यांना क्रमांक आहेत, पण लोक ते वापरीत नाहीत. पत्ता असतो तो असा : चर्चपासून ३०० मीटर पश्चिमेस, मग ५० मीटर दक्षिणेस, हिरवे फाटक. येथे १०० मीटर म्हणजे मोजलेले अंतर नव्हे, तर घरांचा एक चौक. कधी कधी खूण म्हणून सांगितलेली वस्तूच नाहीशी झालेली असते. राजधानीलगतच्या सान पेद्रो भागात 'जुन्या उंबरापासून' असे अंतर सांगतात; ते उंबराच्या जातीचे झाड केव्हाच गेले. पडलेल्या वाड्याच्या आणि बंद झालेल्या थिएटरच्या नावाने रिक्षा सांगणाऱ्या आपल्या माणसांना ह्यात नवल वाटू नये. परंतु ह्यातली मेख अशी, की गावाची आठवण ज्याच्यापाशी नाही त्याला पत्ता सापडत नाही. त्याला थांबून कोणाला तरी विचारावेच लागते.

ऋतू दोनच. डिसेंबर ते एप्रिल कोरडे दिवस. त्यांस लोक उन्हाळा म्हणतात. मे ते नोव्हेंबर पावसाळा. त्याला ते हिवाळा म्हणतात. आमच्या खोऱ्यात पावसाळ्यातली सकाळ बहुधा लख्ख असते. दुपारी ढग जमतात आणि दोन-तीनच्या सुमारास पत्र्यावर पाऊस कोसळू लागतो. म्हणून बँक, दवाखाना, बाजार ही सारी कामे सकाळी उरकावयाची. वर्षभर सूर्य पाच-सहाच्या दरम्यान उगवतो आणि संध्याकाळी साडेपाच-सहाला मावळतो. साहजिकच गाव लवकर निजते आणि लवकर उठते. ऑक्टोबरात चामड्याच्या जोड्यांना आणि पुस्तकांना बुरशी धरते. कोकणात किंवा गोव्यात पावसाळा काढलेल्यांना तो वास ठाऊक आहे. भूकंपाचे लहान धक्के वरचेवर बसतात. कपाटे भिंतीला पक्की करणे आणि जड वस्तू उंचावर न ठेवणे ही तेथल्या घरकामाचीच अंगे आहेत.

आठवड्यातून एकदा शेतकऱ्यांचा बाजार भरतो. तेथे आमच्यासारख्यांना आपल्याच परसातली फळे भेटतात : अननस, पपई, पेरू, चिकू, रामफळ, काजूचे बोंड. वस्तुतः ही सारी फळे मूळची अमेरिका खंडातली. पोर्तुगीज व स्पॅनिश जहाजांतून ती आशियात आली आणि आपल्याकडे बरीचशी गोव्याच्या वाटेने रुजली. उलट दिशेने आंबा आणि चिंच तिकडे गेली. चिंचेला तेथे 'तामारिंदो' म्हणतात. तो शब्द अरबीतील 'हिंदी खजूर' अशा अर्थाच्या शब्दापासून आला आहे. रोजचे जेवण म्हणजे भात आणि काळ्या घेवड्याची उसळ, जोडीला मक्याची पातळ भाकरी. आदल्या दिवसाचा भात व उसळ एकत्र परतून, वर कोथिंबीर घालून केलेला 'गाय्यो पिंतो' हा सकाळचा पदार्थ शाकाहारी माणसास चांगलाच मानवतो. दुपारी तीनला कॉफी. तीही लाकडी घोडीवर टांगलेल्या कापडी पिशवीतून गाळलेली.

भाषा आणि शिष्टाचार

आता मुख्य विषयाकडे येतो. इंग्रजीवर निभावून नेणारे परदेशी तेथे पुष्कळ आहेत. त्यांच्या वसाहती आहेत, दुकाने आहेत, त्यांच्यासाठी इंग्रजी बोलणारे वकील आहेत. परंतु असा माणूस दहा वर्षे राहिला तरी गावाच्या लेखी तो लांबलेल्या सुट्टीवरचा प्रवासीच राहतो.

मी स्पॅनिश शिकू लागलो तेव्हा गुरुजींची फार आठवण झाली. स्पॅनिश क्रियापद पुरुष, वचन आणि काळ ह्यांप्रमाणे रूप बदलते. माझे अमेरिकन सहाध्यायी त्या कोष्टकांनी हैराण होत. ज्याने गुरुजींपुढे उभे राहून 'गम्' धातू लकारांत चालविला आहे, त्याला ती कोष्टके ओळखीची वाटतात. शिवाय काही शब्द पोर्तुगीजांच्या कृपेने आपल्या घरात आधीच येऊन बसले आहेत. आपल्या मेजाला तेथे 'मेसा' म्हणतात, आणि 'पागार' म्हणजे पैसे चुकते करणे. आपला 'पगार' त्याचाच पोर्तुगीज भाऊ.

तेथील बोलण्यात आदर ओसंडत असतो. लहान मुलालाही बहुधा 'उस्तेद', म्हणजे 'आपण', म्हणतात. वडीलधाऱ्यांना आडनावाने नव्हे, तर पहिल्या नावाआधी 'डॉन' किंवा 'डोन्या' लावून हाक मारतात. आपण नावापुढे 'राव' किंवा 'ताई' जोडतो तसेच हे. दुकानात कॉफी मागताना 'रेगालेमे' म्हणतात. त्याचा शब्दार्थ 'मला भेट द्या' असा. पैसे अर्थातच द्यावे लागतात. आभार मानले तर उत्तर मिळते, 'मोठ्या आनंदाने!' शब्दाला लाडिक, लघुत्वदर्शक 'इको' प्रत्यय लावण्याची सवय इतकी, की त्यावरूनच ह्या लोकांना 'तिको' हे नाव पडले. कोणाच्या दारी गेल्यास फाटकाबाहेर उभे राहून 'उपे!' अशी हाक देतात. आपल्याकडे 'अहो, आहे का कोणी घरात?' असे म्हणत, त्याचेच हे रूप. ही हाक ऐकू येण्यासाठी घराची एखादी खिडकी उघडी असावी लागते, आणि हाक देणाराला आतले माणूस ओळखीचे वाटावे लागते. उंच भिंतीच्या वसाहतींत ती ऐकू येत नाही.

आजारपण

म्हातारपणाच्या जगण्यात दवाखाना हा मोठा विषय. अमेरिकेत वृद्धांसाठी असलेला सरकारी आरोग्यविमा देशाबाहेरील उपचारांचा खर्च सामान्यतः देत नाही. त्यामुळे तेथून आलेल्या निवृत्तांना 'काहा'चाच आधार असतो. १९९५ च्या सुमारापासून ह्या संस्थेने वस्तीवस्तीत लहान आरोग्यकेंद्रे उघडली. प्रत्येक केंद्रात डॉक्टर, परिचारिका आणि घरोघरी फिरणारा आरोग्यसेवक असतो. हा सेवक अंगणात येऊन रक्तदाब मोजतो, लसीची चौकशी करतो, साचलेल्या पाण्यात डासांच्या अळ्या आहेत का ते पाहतो. देशातील सरासरी आयुर्मान सुमारे ऐंशी वर्षांचे असून ते अमेरिकेच्या बरोबरीचे वा किंचित सरस आहे. खर्च मात्र तिच्या मानाने फारच थोडा.

ह्या व्यवस्थेची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. तातडीच्या नसलेल्या शस्त्रक्रियांसाठी आणि तज्ज्ञांच्या भेटीसाठी महिनोन्‌महिने, प्रसंगी वर्षानुवर्षे थांबावे लागते. ऐपत असलेला माणूस मग खाजगी रुग्णालयात जातो.

आमच्या वास्तव्याच्या पाचव्या वर्षी माझी पत्नी अंगणात घसरून पडली आणि तिचे खुब्याचे हाड मोडले. शेजारच्या डोन्यांनी रुग्णवाहिका बोलावली. त्यांचा मुलगा रात्री सरकारी रुग्णालयात आमच्याबरोबर बसला. शस्त्रक्रिया झाली, बिल आले नाही. पुढचे सहा आठवडे रोज कोणी ना कोणी 'उपे!' म्हणत फाटकाशी येई. कोणाच्या हाती सूप, कोणाच्या हाती केळफूल. त्या काळात मी एक हिशेब मनाशी मांडला. माझ्या खाटेशेजारच्या कॉफीतोडणी करणाऱ्या गृहस्थाने विशीपासून ह्या व्यवस्थेत वर्गणी भरली होती. मी पासष्टाव्या वर्षी, म्हणजे नेमका दुखणी सुरू होण्याच्या वयात, तीत शिरलो. कायद्याने आमचा हक्क समान. पण समान हक्काखाली एक असमान ऋण आहे, आणि ते वर्गणीच्या पावतीने फिटत नाही.

पैसा आणि शेजार

ते ऋण अंशतः तरी फेडण्याच्या वाटा अगदी साध्या आहेत. घरकामाला बाई ठेवली तर तिची 'काहा'त नोंद करणे व तिच्यासाठी वर्गणी भरणे हे कायद्याने बंधनकारक आहे. वर्षाला दोन आठवडे भरपगारी रजा, आणि डिसेंबरात 'आगिनाल्दो', म्हणजे तेराव्या महिन्याचा पगार, हाही तिचा हक्क. काही परदेशी ह्यातून पळवाटा काढतात आणि 'तीच म्हणाली, रोख द्या' असे सांगतात. ज्या विम्यावर आपली शस्त्रक्रिया होते, त्याच विम्यातून आपल्या मोलकरणीला वगळणे ह्याला माझ्या लेखी एकच शब्द आहे, आणि तो ह्या सभेत उच्चारण्याजोगा नाही.

स्वस्ताईबद्दलही थोडे बोलले पाहिजे. डॉलरची किंमत स्थिर नसते. २०२२ च्या मध्यास एका डॉलरला जवळजवळ ७०० कोलोन मिळत. २०२४ मध्ये ५०० च्या थोडे वर मिळू लागले. डॉलरमध्ये वेतन घेणाऱ्या निवृत्ताची मिळकत अशी दोन वर्षांत चतुर्थांशाहून अधिक घटली. पुष्कळजण चडफडले, काही देश सोडून गेले. पण जे डॉलर आम्हांला कमी पडू लागले, त्याच डॉलरांनी काही गावे तेथल्याच माणसांना परवडेनाशी केली आहेत. वायव्येकडील किनाऱ्यावर तामारिंदो, नोसारा अशा ठिकाणी परकीयांच्या मागणीमुळे जमिनी व घरभाडी इतकी चढली, की तेथे जन्मलेली तरुण मंडळी आत दूरवर राहून कामापुरती किनाऱ्यावर येतात. भरतीरेषेपासूनचे पहिले ५० मीटर सर्वांचे, त्यामागचे १५० मीटर केवळ परवान्याने वापरावयाचे, असा १९७७ चा कायदा आहे. त्याने समुद्राची वाट मोकळी राहिली, पण भाडी थांबली नाहीत. सुरक्षिततेबाबतही भ्रम नको. अमली पदार्थांच्या वाहतुकीमुळे २०२३ साली देशात ९०० हून अधिक खून झाले. हा तेथील उच्चांक होता. बहुतेक घरांच्या खिडक्यांना लोखंडी गज आहेत, आमच्याही आहेत. सैन्य नाही म्हणजे भय नाही, असा अर्थ कोणी घेऊ नये.

पाहुणा की रहिवासी

वडोदऱ्याच्या मराठी मंडळींपुढे हा विषय मांडताना मला एक गोष्ट राहून राहून जाणवते. आपले पूर्वज अठराव्या शतकात गायकवाडांच्या बरोबर गुजरातेत आले. ते सत्तेबरोबर आले होते. मी कोस्टा रिकात डॉलरच्या वेतनाबरोबर गेलो. दोन्ही येणी वरच्या पायरीवरची. १ मे १९४९ रोजी बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले, सत्ता गेली. मराठी माणसे मात्र राहिली. ती का राहू शकली? कारण तोवर त्यांनी गुजराती आपलीशी केली होती. ती ह्या शहरात शिकवीत होती, औषध देत होती, कारखान्यांत राबत होती. शेजाऱ्यांच्या लग्नात वाढत होती आणि मर्तिकाला खांदा देत होती. स्वतःची भाषा त्यांनी टाकली नाही. ही शाळाच त्याची साक्ष. प्रवेश सत्तेने किंवा पैशाने मिळतो. राहणे मात्र भाषेने आणि कर्तव्याने मिळवावे लागते.

आमची मुले अमेरिकेत आहेत. 'आता ऐंशीच्या घरात आलात, इकडे या,' असा त्यांचा प्रेमळ आग्रह आहे. त्यांचे म्हणणे चुकीचे नाही. पत्नी काठीशिवाय चालत नाही, मला रात्री गाडी चालविता येत नाही. आम्ही दोघांनी पुष्कळ विचार केला आणि तेथेच राहावयाचे ठरविले. मुलांच्या घरी आम्ही दिवसभर त्यांच्या परतण्याची वाट पाहत बसू. ग्रेसियात आमच्याकडे संध्याकाळी शेजारची दोन मुले गणित शिकावयास येतात, आणि सौभाग्यवती त्यांच्या आजीबरोबर लोणच्याच्या बरण्या भरते. तेथे मृत्यूनंतर साधारणपणे चोवीस तासांत अंत्यविधी उरकण्याची रीत आहे. मुले वेळेवर पोचतीलच असे नाही, हे आम्ही त्यांना स्पष्ट सांगितले आहे. मृत्युपत्र, दहनाची इच्छा आणि कागद कोठे ठेवले आहेत ते, हे सारे स्पॅनिशमध्ये लिहून शेजारी दिले आहे.

आपल्यापैकी कोणी असा विचार करीत असल्यास चार गोष्टी सांगतो. घर विकत घेण्याआधी भाड्याने राहून एक संपूर्ण पावसाळा काढावा. निवृत्तिवेतन तीन-दशांशाने घटले तरी भागेल का, हे पाहून मगच निघावे. भाषा शिकण्यास येथूनच आरंभ करावा. आणि ज्याला शेजाऱ्याकडून काही घेण्याचा संकोच वाटतो व त्याला काही देण्याचा कंटाळा येतो, त्याने हवा कितीही चांगली असली तरी जाऊ नये. अशा माणसाचे म्हातारपण कोणत्याच देशात सुखाचे होत नाही.

गुरुजींनी शिकविलेले व्याकरण इतक्या दूर आणि इतक्या उशिरा उपयोगी पडेल, असे त्यांनाही वाटले नसेल. त्यांच्या स्मृतीस वंदन करतो.